रेघेपलीकडचा आवाज

मुरबाडला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत रितेश वेखंडेचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान दुरुस्तीवर चालतं, पण त्याचा जीव वेगळ्याच कामात. शाळांनी, ग्रामपंचायतींनी टाकून दिलेली पंधरा-पंधरा वर्षांची मशीन तो उचलून आणतो, पुसतो आणि त्यांच्यात पेनड्राइव्हवर मावेल एवढं हलकं लिनक्स, म्हणजे मशीन चालवणारी फुकटची प्रणाली, घालतो. त्यात चित्रं नाहीत, खिडक्या नाहीत. काळा पडदा, पांढरी अक्षरं. जे हवं ते टाइप करून सांगायचं. एवढ्यावर भागवलं की भंगारात निघालेलं मशीनही उठून बसतं.

अशी चार मशीन त्याने टोकावड्याकडच्या एका शाळेला बसवून दिली होती. मुलांना कविता ऐकवायच्या होत्या आणि तिथेच अडलं. आवाज वाजवणारा कुठलाही तयार प्रोग्राम घ्यावा, तर तो आपल्याबरोबर चाळीस फायलींचं बिऱ्हाड घेऊन यायचा आणि एवढ्याशा मेमरीत ते बिऱ्हाड मावायचं नाही. मग रितेशने स्वतःच एक लिहिला. साडेचारशे ओळी, तयार झाल्यावर एकतीस केबी, म्हणजे मोबाइलवरच्या एका फोटोच्या शंभराव्या हिश्शाहूनही लहान. त्याचं काम एकच. फाइल उघडायची, आवाज किती लांबीचा आहे तो आकडा सुरुवातीलाच लिहिलेला असतो तो वाचायचा, आणि मग घासाघासाने आवाज उचलून स्पीकरला द्यायचा. नाव ठेवलं 'हाळी'. या बांधावरून त्या बांधावर मारतात ती हाळी.

पुढे जे झालं ते या हाळीमुळे झालं, असं रितेश म्हणतो. थोडं थांबून, आपल्यामुळे झालं, असंही म्हणतो.

रितेशचं गाव म्हशाच्या अलीकडे, मुरबाडपासून मोटारसायकलवर पंचवीस मिनिटं. शेजारचं घर सावळाराम निचित्यांचं. सत्तावीस वर्षं म्हशाच्या जत्रेत ध्वनिक्षेपकावर त्यांचा आवाज वाजला. पौषातली ती जत्रा. एका अंगाला बैलांचा बाजार, दुसऱ्या अंगाला घोंगड्या, भांडी, पाळणे, आणि मधे देवळाजवळच्या मंडपात खुर्चीवर सावळारामकाका. पाकीट सांभाळा, बैल रस्त्यात बांधू नका, अमक्या गावची म्हातारी आपल्या माणसांना शोधते आहे. त्यांचा आवाज काही भरदार नव्हता, पण त्यात घाई नसायची. चुकलेलं पोर तो आवाज ऐकून रडायचं थांबायचं, असं लोक सांगतात.

दोन वर्षांमागच्या कार्तिकात जत्रा कमिटीचे लडकूदादा रितेशच्या दुकानात आले.

"काकांचा घसा आताशा लगेच बसतो," ते म्हणाले. "दरवर्षीच्या ज्या ठरलेल्या घोषणा आहेत, त्या एकदा भरून ठेव. त्यांना जरा आराम."

काका एका दुपारी एकटेच आले. स्टँडवरच्या गाड्यांचा आवाज नको म्हणून रितेशने शटर अर्धं ओढलं. एक्केचाळीस घोषणा होत्या. प्रत्येक झाली की काका पाणी प्यायचे आणि रितेश म्हणायचा, "चला काका, पुढची." शेवटची चुकलेल्या माणसांची होती.

"ज्यांचं माणूस चुकलं असेल त्यांनी घाबरू नये. देवळाजवळच्या मंडपात यावं. तुमचं माणूस इथं आमच्याजवळ बसलेलं आहे."

झालं म्हणून रितेश वायर गुंडाळायला वाकला. रेकॉर्डिंग बंद करायचं राहिलं.

"गीताला सांगू नको," काका म्हणाले.

"काय, काका?"

"परवा भाविकाकडं गेलो, तवा शहापूरला डॉक्टरला दाखवून आलो. पोटात गाठ हाय. दोन-तीन महिने म्हणतो. झोडणी होऊ दे, मंग मीच सांगीन तिला. तू नको बोलू."

रितेशच्या हातात वायर तशीच राहिली. गीताबाई म्हणजे काकी. भाविका त्यांची एकुलती मुलगी, शहापूरला दिलेली. तिलाही सांगितलेलं नव्हतं. इतक्या माणसांतून हे आपल्यालाच का सांगितलं, हे रितेशला तेव्हाही कळलं नाही. बहुतेक दुकानात दुसरं कुणी नव्हतं आणि शटर अर्धं ओढलेलं होतं, म्हणूनच.

"बरं काका," तो म्हणाला. "नाय सांगत."

संध्याकाळी घोषणा साफ करायला बसला तेव्हा हे सगळं रेकॉर्ड झाल्याचं त्याच्या लक्षात आलं. पुसायला दोन सेकंद लागले असते. पण हात गेला नाही. त्याने फाइलीच्या सुरुवातीचा लांबीचा आकडा तेवढा कमी केला. घोषणा संपते तिथे जणू रेघ ओढली. रेघेच्या पलीकडे काकांचं बोलणं जागच्या जागी राहिलं. ते वाजणार नाही एवढंच. बाकीच्या चाळीस फायलींनाही घोषणेच्या शेवटी त्याने तशीच रेघ मारली.

भाताची झोडणी सुरू झाली. रितेश सकाळी दुकानाला निघताना कुंपणापलीकडे काका खळ्यात दिसायचे. दोन भारे झोडायचे आणि बसायचे. काकीचा आवाज ऐकू यायचा. पुढे डोळे पिवळे झाले तेव्हा कावीळ समजून काकीने डोंगराकडच्या वैदूकडून पाल्याचं औषध आणलं. काकांनी तेही घेतलं. रितेश दर दोन दिवसांनी विचारायचा, "काका, बोललात का?" काका म्हणायचे, "भात घरात येऊ दे." भात घरात आलं त्याच्या चौथ्या दिवशी, मार्गशीर्षात, ते गेले. बोलले नाहीत.

बाराव्याला पंगत उठल्यावर भाविकाने रितेशला बाजूला घेतलं.

"रितेशदादा, तू रोज भेटायचास. बाबांना नक्की काय झालं होतं?"

"मला काय म्हायती," रितेश म्हणाला. आता सांगून कुणाला काय मिळणार, असा त्याने विचार केला होता. तसा विचार करणं सोपंही होतं.

त्या वर्षी जत्रेत कुणीतरी कशाबशा घोषणा केल्या. पुढच्या वर्षी लडकूदादा पुन्हा दुकानात आले. लोक विचारतात, सावळारामचा आवाज का नाही. काकीला विचारून आलो, ते म्हणाले. ती म्हणाली, लोकांच्या उपयोगी पडत असेल तर लावा.

मंडपात वीज धड नव्हती. रितेशने बॅटरीवर चालणारं एक जुनं लहानसं मशीन नेलं, त्यात हाळी आणि एक्केचाळीस फायली. पहिल्या दिवशी आवाज अडखळू लागला. पेनड्राइव्ह मंद होता आणि हाळी अगदी लहान घास घ्यायची, सेकंदाचा विसावा भाग. एक घास संपेपर्यंत दुसरा तयार नसायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचच्या सुमाराला मंडपातच बसून रितेशने घास मोठा केला, पाऊण सेकंदाचा. दोन घोषणा लावून पाहिल्या. आवाज नीट, एकसंध आला. लडकूदादांनी मान डोलावली.

तीनच्या सुमाराला तो बैलबाजाराच्या कडेला एका कर्ण्याची सुटलेली तार जोडत होता. डोक्यावर काकांचा आवाज चालू होता. "तुमचं माणूस इथं आमच्याजवळ बसलेलं आहे," एवढं झालं, आणि लगेच, खालच्या पट्टीत, अगदी जवळून बोलल्यासारखं:

"गीता..."

आणि बंद. मग पुढची घोषणा.

रितेश शिडीवरच थांबला. भास झाला असेल, असं त्याने मनाला सांगितलं. खाली बैलाच्या दाव्याला धरून एक म्हातारा उभा होता. त्याने टोपी काढली, कर्ण्याकडे बघत राहिला आणि पुन्हा घातली.

रितेश धावत मंडपात आला. फायली आळीपाळीने वाजत होत्या, ती घोषणा पुन्हा यायला पंचवीस मिनिटं लागली. तो समोर बसून राहिला. ती आली, आणि मागोमाग पुन्हा तेच आलं. "गीता..." शेजारचा भांडीवाला हसून म्हणाला, "बायकोला बोलावतोय जणू." लडकूदादा हसले नाहीत.

"हे काय रे?"

"मशीन अडकलं, दादा," रितेश म्हणाला आणि त्याने वायर उपसली.

चूक त्याला पाच मिनिटांत सापडली. हाळी रेघ बघत होती, पण घास घेतल्यावर. शेवटचा घास रेघेच्या अलीकडे सुरू झाला की रेघ मधे आली तरी तो पूर्णच वाजायचा. घास लहान होता तोवर ही चूक कानाला कळत नव्हती. घास पाऊण सेकंदाचा झाला आणि रेघेपलीकडचा पहिला शब्द त्यात मावला. दोन ओळी बदलून त्याने ती चूक काढली. घाईत चुकीची अक्षरं टाइप होत होती. मग एक्केचाळीसच्या एक्केचाळीस घोषणा लावून पाहिल्या. कशाच्याच मागे काही आलं नाही. संपलं, असं त्याला वाटलं.

पहिल्यांदा तो शब्द वाजला तेव्हा काकी जत्रेत होती, हे त्याला ठाऊक नव्हतं.

ती शेजारच्या बाईजाबरोबर घोंगडी बघायला आली होती. दुकानदार घोंगडी उलगडून दाखवत होता. वरून नवऱ्याचा आवाज येत होता आणि ती तो ऐकत होती, बाईजाला म्हणालीही, "ह्यांचा आवाज किती चांगला आलाय." मग तिचं नाव आलं. काकांनी जन्मभर जसं घेतलं तसंच, अर्धवट सोडलेलं.

"ओ," काकी म्हणाली.

बाईजाने झटकन तिच्या तोंडावर हात ठेवला, पण उशीर झाला होता. त्या गावांत लहानपणापासून सांगतात, गेलेल्या माणसाने हाक मारली तर ओ द्यायची नाही. ओ दिली म्हणजे यायला कबूल झालो. काकीने बाईजाचा हात हळूच बाजूला केला. घोंगडी न घेताच दोघी घरी आल्या.

काकीने रडारड केली नाही. उलट, एखादं काम अंगावर येऊन पडावं आणि ते उरकायला घ्यावं तशी ती वागू लागली. गाभण गाय बाईजाच्या गोठ्यात नेऊन बांधली. ट्रंकेतली लुगडी काढून उन्हात घातली, भाविकाची वेगळी, बाईजाची वेगळी, आणि एक कोरं हिरवं लुगडं वर ठेवलं. विचारलं तर म्हणाली, "ते मला." मग तिचं जेवण कमी होत गेलं. दोन घास, मग एक, मग नुसती पेज. आठव्या-नवव्या दिवशी पेजही नको झाली.

बाईजाने शहापूरला फोन केला. भाविका सरळगावमार्गे गाडी बदलत आली, आईला बघितलं आणि दुसऱ्या दिवशी तडक मुरबाडला रितेशच्या दुकानात येऊन बसली.

"मंडपात तू होतास ना, रितेशदादा? आई म्हणते बाबांनी हाक मारली. बाईजाकाकी पण म्हणते, मी माझ्या कानांनी ऐकली. डॉक्टर आणला, तो म्हणतो काय आजार नाय. मी सांगून दमले. माझं ती ऐकते, मान हलवते, आणि ताट सरकवते."

जत्रेनंतर तुंबलेल्या कामांमुळे रितेश दुकानातच मुक्कामाला होता, गावाकडे फिरकलाच नव्हता; त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. काकी कुठे उभी होती, किती वाजता, हे त्याने दोनदा विचारलं.

"मशीनची चूक हाय ती," तो शेवटी म्हणाला. "माझी चूक हाय."

"मग येऊन तसं सांग तिला."

"उद्या सकाळी येतो."

भाविका गेल्यावर त्याने शटर ओढलं. काकीला चूक दाखवायला काकांचीच फाइल लागेल असं काही नव्हतं. त्याने स्वतःच्या आवाजात एक वेगळी फाइल बनवली. आधी एक वाक्य, मग रेघ, मग दुसरं वाक्य. जुनी, चुकीची हाळी शोधून पुन्हा मशीनमध्ये घातली. एवढं दाखवलं की पुरे, असं ठरवलं. तरी काकांची फाइल त्याने पेनड्राइव्हवरून काढली नाही.

सकाळी तो गेला तेव्हा काकी पडवीत भिंतीला टेकून बसली होती. चेहरा ओढलेला, पण डोळे स्वच्छ. भाविका उंबऱ्यात, बाईजा तिच्या मागे.

"ये रे," काकी म्हणाली. "कवा आलास गावाकडं?"

त्याने मशीन तिच्यापुढे घोंगडीवर ठेवलं. काळा पडदा, पांढरी अक्षरं. आधी स्वतःचं वाक्य लावलं: "मी रितेश, मुरबाडला दुकान हाय." आणि त्यामागे एक तुटका शब्द आला: "काल..."

"हा 'काल' मी लपवला होता, काकी. वाजायला नको होता. ह्या मशीनचं कसं हाय, तू भात मापून घालतेस ना, पायलीनं, तसं हे आवाज मापानं ओततं. मी मधे रेघ मारून ठेवली होती, इथपर्यंतच ओत म्हणून. पण त्याचं शेवटचं माप भरलेलं होतं. त्यानं रेघ बघितली नाय, माप पालथं केलं. जत्रेत तेच झालं. काकांनी हाक नाय मारली तुला. माझ्या मापातनं सांडलं ते."

त्याने पुन्हा लावून दाखवलं. मग दुरुस्त केलेली हाळी लावली. 'काल' आला नाही. मग पुन्हा चुकीची, आला. काकीने तीनदा बघितलं. तिने बोटाने हवेत एक रेघ ओढली.

"म्हंजे रेघेच्या अलीकडं घोषणा," ती म्हणाली.

"हो."

"आणि पलीकडं आधीपासून कायतरी व्हतं. त्यातलं थोडं सांडलं."

"हो काकी. तेवढंच."

भाविकाने श्वास सोडला. बाईजा पुटपुटली, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" तिने तसं म्हटलं नव्हतं.

काकी मशीनकडेच बघत होती.

"मंग ह्यांच्या रेघेच्या पलीकडं काय हाय?"

रितेशचा हात पेनड्राइव्हकडे गेला.

"माझं नाव घेतलं ते मुरबाडला, तुझ्या दुकानात. मी तिथं नव्हते. मी नसताना माझं नाव घेतलं ह्यांनी. पुढं काय बोलले?"

"काकी, ते..."

"हाय का त्यात?"

नाही म्हणता आलं असतं. पुसलं, गेलं, म्हणता आलं असतं. भाविका त्याच्याकडे बघत होती. वर्षाभरापूर्वी तिला जसं उत्तर दिलं होतं तसंच आणखी एक जिभेवर आलं, आणि ते बोलवेना. त्याने काकांची फाइल उघडली, लांबीचा आकडा होता तसा पूर्ण केला आणि एंटर दाबलं.

पडवीत काका बोलले. घोषणा झाली. मग "गीताला सांगू नको." मग डॉक्टर, गाठ, दोन-तीन महिने. "झोडणी होऊ दे, मंग मीच सांगीन तिला. तू नको बोलू." मग रितेशचा आवाज: "बरं काका. नाय सांगत."

त्यानंतर स्टँडवरच्या कुठल्याशा गाडीचा हॉर्न आला आणि फाइल संपली.

भाविका उंबऱ्यावर बसली आणि तिने तोंडात पदर धरला.

"परत लाव," काकी म्हणाली.

त्याने लावलं.

"परत."

तिसऱ्यांदा संपलं तेव्हा ती खळ्याकडे बघत होती. खळं रिकामं होतं, कोपऱ्यात पेंढा रचलेला.

"झोडणीला मी ह्यांना काय काय बोलले," ती म्हणाली. "दोन भारे झोडले की बसायचे. मी म्हटलं, मंडपात खुर्चीवर बसून बसून आळस भरलाय अंगात. सगळ्या बायांसमोर म्हटलं. हे हसले नुसते."

तिने रितेशकडे मान वळवली.

"तू कुंपणापलीकडनं ऐकत होतास."

"हो काकी."

"बाराव्याला माझ्या हातचं वाढून घेतलंस."

"हो."

"एक शब्द टाकला असतास तर मी ह्यांना बसू दिलं असतं रे. एवढंच केलं असतं. दुसरं काय करणार होते मी." तिने दोन्ही तळवे जमिनीला टेकवले आणि जरा सरळ बसली. "जा आता तू."

तो मशीन उचलून निघाला. भाविका फाटकापर्यंत आली, पण तिने निरोप दिला नाही. "मी तुला विचारलं होतं," एवढंच म्हणाली.

संध्याकाळी बाईजाने कुंपणावरून सांगितलं की काकी जेवली. भाकरी आणि वालाचं कालवण, पोटभर. जेवताना कपाळावर आठ्या होत्या. दोन दिवसांनी गाय परत नेली. हिरवं लुगडं ट्रंकेत गेलं. मरणाचा विषय पुन्हा काढला नाही. पण रितेश दिसला की ती तोंड फिरवायची, आणि त्याच्या आईशीही तिचं बोलणं तुटलं.

रितेशचं मात्र उलटं झालं. त्याला वाटलं होतं, बोलून टाकलं की सुटेल. सुटलं नाही. एका रिकाम्या दुपारी त्याने उरलेल्या चाळीस फायलींच्या रेघा काढल्या आणि पलीकडचं सगळं ऐकलं. विशेष काही नव्हतं. खुर्ची करकरते. पाण्याचा घोट. काका श्वास घेतात. एका ठिकाणी ते 'आई गं' म्हणतात, इतकं हळू की तेव्हा तीन फुटांवर बसूनही त्याला ऐकू आलं नव्हतं. आणि प्रत्येक वेळी पाठोपाठ त्याचा स्वतःचा उत्साही आवाज, "चला काका, पुढची." चाळीस वेळा. त्यानंतर कितीतरी दिवस दुकानात कुणाचं गाणं, कुणाचा व्हिडिओ वाजवून संपला की तो पुढच्या शांततेत कान लावून थांबायचा. गिऱ्हाईक विचारायचं, झालं का? तो म्हणायचा, एक मिनिट.

चैत्रात एकदा सकाळी अकराच्या सुमाराला काकी दुकानाच्या पायरीवर उभी राहिली. म्हशाच्या गाडीने एकटीच आली होती. आत येऊन ज्या खुर्चीवर बसली ती काका बसले होते तीच, पण तिला ते माहीत नव्हतं आणि त्यानेही सांगितलं नाही.

"ह्यांचं बोलणं मला घरी पायजे," ती म्हणाली. "घोषणा नको. पुढचं. मोबाइल नको मला, त्यातलं काय कळत नाय. बटण दाबलं की बोलले पायजेत, बस."

"करतो, काकी."

त्याला आठ दिवस लागले. तळहाताएवढं एक बोर्ड, एक स्पीकर, एक बॅटरी, एक बटण, सगळं एका लहान डब्यात. लिनक्स इतकं कापलं की बटण दाबल्यावर चौथ्या सेकंदाला आवाज यावा. हाळीतून त्याने एकेक गोष्ट काढून टाकली. यादी काढली, आवाज लहान-मोठा करणं काढलं, फाइल निवडणं काढलं. एकच फाइल तिला ठाऊक राहिली. शेवटी नऊ केबी उरली. आपण लिहिलेल्यात सगळ्यात नेटकं तेच, असं तो आजही म्हणतो. फक्त एका गोष्टीवर तो दोन दिवस अडला. काकांचं बोलणं "तू नको बोलू"वर संपतं, रेघ तिथेच मारता आली असती. पुढचं "बरं काका" काकीने मागितलं नव्हतं. पण आता आणखी रेघा मारायला त्याचं मन होईना. त्याने फाइल शेवटपर्यंत ठेवली, गाडीच्या हॉर्नसकट.

काकीने डबा पिशवीत घातला आणि गेली. भाविकाचा महिन्याभराने फोन आला. तिचा आवाज अजून कोरडाच होता.

"ती रोज लावते ते. मी राहायला गेले होते, बघितलं. बाबा बोलतात आणि ही त्यांना उत्तर देते. मोठ्यानं. बाईजाकाकी घाबरते. काढून घेऊ का तिच्याकडनं?"

"जेवते का?"

"जेवते. शेताचं बघते, सगळं करते."

"मग राहू दे," रितेश म्हणाला.

"मला पण तेच वाटलं," भाविका म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

श्रावणात काकी पुन्हा आली. छत्री दाराशी ठेवली, पदराने डबा पुसला आणि टेबलावर ठेवला. "बोलत नाय."

रितेशने उघडून बघितला. बॅटरी ठीक, बोर्ड ठीक, फाइल ठीक. बटण गेलं होतं. हजारो वेळा दाबलं तरी टिकणारं बटण. आतली पत्र्याची वाटी दबून दबून सपाट झाली होती. त्याने ते काढलं, नवं डाख देऊन बसवलं. चालतं का ते बघायला दाबणं भाग होतं. दाबलं.

काका बोलले. मग तो बोलला. मग हॉर्न. ऐकताना त्याने मान वर केली नाही.

"झालं," तो म्हणाला.

"सकाळी झाडलोट करताना लावते," काकी आपणहून म्हणाली. त्या सकाळनंतर, डबा मागायला आली होती तेवढं सोडलं तर, ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलत होती. "हे बोलतात, मी बोलते. भांडते. मला फसवलंत ना, म्हणते. मंग तू बोलतोस. तुलाबी बोलते."

"काय बोलतेस, काकी?"

"ते तुला कशाला सांगू."

तिने डबा पिशवीत घातला, छत्री उचलली. म्हशाची गाडी लागली होती. रितेश तिच्यामागे स्टँडपर्यंत गेला, जागा धरून दिली, खाली उतरला आणि गाडी सुटेपर्यंत उभा राहिला. काकी खिडकीशी बसली होती, पिशवी मांडीवर घट्ट धरून. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. पण गाडी वळली तेव्हा काचेमागे तिचे ओठ हलताना त्याला दिसले, मधे थांबून, पुन्हा हलताना.